हे बांधले कोणी?



आज ज्या विषयावर मी आपणापुढे बोलणार आहे, तो वरवर पाहता आपल्या नित्याच्या जीवनापासून फार दूरचा वाटेल. मुलांच्या शिक्षणाचा, नोकरीचा, जमिनीचा, राहत्या घराचा प्रश्न समोर उभा असताना आफ्रिकेतील पडक्या भिंती आणि मिसर देशातील पिरॅमिड यांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे. भाषण संपण्यापूर्वी त्याचे उत्तर आपणांस मिळावे, असा माझा प्रयत्न राहील.

आपल्या घरी दूरचित्रवाणी आहे. मुलांच्या हाती मोबाईल आहे. त्यावर प्राचीन काळच्या गूढ गोष्टींचे कार्यक्रम अहोरात्र चालतात. कोणी सांगतो, पिरॅमिड परग्रहावरच्या प्राण्यांनी उभारले. कोणी सांगतो, बारा हजार वर्षांपूर्वी एक प्रगत संस्कृती प्रलयात बुडाली आणि तिच्यातून वाचलेल्या मूठभर लोकांनी जगाला शेती व शिल्पकला शिकविली. कोणी तर आपल्या वेरुळचे कैलास लेणे कोण्या अज्ञात यंत्राने कोरले असे छातीठोकपणे सांगतो. मुले हे पाहतात आणि घरात येऊन विचारतात, हे खरे आहे काय? आईबापांनी त्यांना काय उत्तर द्यावे?

‘हा सारा पोरखेळ आहे’ असे म्हणून मुलांना गप्प बसविणे सोपे आहे. परंतु प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसविण्याची रीत आपण ज्या व्यवस्थेतून बाहेर पडलो तिची आहे, आपली नव्हे. म्हणून या दाव्यांची तपासणी केली पाहिजे. ती करू लागले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. या सर्व कथांचा सांगाडा एकच असतो. वास्तू भव्य आहे. तेथे राहणारे लोक साधे होते. साध्या लोकांना हे जमणे शक्य नाही. सबब ते दुसऱ्या कोणीतरी केले. या चार पायऱ्यांपैकी तिसरी पायरी कोणीच सिद्ध करीत नाही. ती गृहीत धरली जाते, आणि सारा घोटाळा त्याच पायरीवर होतो.

हा घोटाळा केवळ करमणुकीचा विषय नाही, हे दाखविण्यासाठी मी आपणांस एका स्थळाचा इतिहास सांगतो.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, आजच्या झिंबाब्वे देशातील मास्विंगो गावाजवळ, दगडी भिंतींचे एक विस्तीर्ण नगर पडक्या अवस्थेत उभे आहे. त्याला ग्रेट झिंबाब्वे असे म्हणतात. तेथील मोठ्या वर्तुळाकार आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर लांब असून काही ठिकाणी ती ११ मीटर उंच आहे. ग्रॅनाइटचे चिरे एकमेकांवर रचून ती उभारली आहे. त्यांत चुना नाही की माती नाही. हे नगर अकराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान तेथील आफ्रिकी लोकांनी, म्हणजे आजच्या शोना लोकांच्या पूर्वजांनी, उभारले. तेथे गुरे होती, शेती होती, आणि सोन्याचा व्यापार होता. हे सोने पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून अरबी समुद्राच्या वाटेने दूरदूर जात असे. त्याच्या मोबदल्यात आलेली चिनी मातीची भांडी आणि हिंदुस्थानातील काचेचे मणी तेथील जमिनीत सापडले आहेत. ‘झिंबाब्वे’ या शब्दाचा अर्थच मुळी शोना भाषेत ‘दगडांची घरे’ असा सांगितला जातो.

१८७१ साली कार्ल माऊख नावाचा एक जर्मन प्रवासी या ठिकाणी पोहोचला. त्याने एका दारावरील लाकडी तुळईचा तुकडा काढला. त्याचा वास आपल्या शिसपेन्सिलीच्या लाकडासारखा येतो, असे त्याला वाटले. पेन्सिल देवदार जातीच्या लाकडाची. देवदार लेबनॉन देशाचा. लेबनॉनचा देवदार सॉलोमन राजाच्या मंदिरास लागला होता. अर्थात हे नगर शीबाच्या राणीचे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला! ते लाकूड प्रत्यक्षात त्याच प्रदेशात वाढणाऱ्या झाडाचे होते. एका पेन्सिलीच्या वासावर एका समाजाचा वारसा दुसऱ्याच्या नावे लिहिला गेला.

हे येथेच थांबले असते तर आपण हसून सोडून दिले असते. परंतु १८९० साली सेसिल ऱ्होड्स यांच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने हा प्रदेश बळकावला. दुसऱ्याच वर्षी तिच्या पाठिंब्याने थिओडोर बेंट यांनी तेथे उत्खनन केले. त्यांना सापडलेल्या बहुतेक वस्तू स्थानिक आफ्रिकी घडणीच्या होत्या. तरीही, हे काम बाहेरून आलेल्या, बहुधा अरबस्तानातून आलेल्या, प्राचीन जातीचे आहे, असे त्यांनी जाहीर केले. कंपनीला हे मत सोयीचे होते. गोऱ्या वर्णाच्या किंवा त्यांच्या जवळच्या कोणी ही भूमी पूर्वी वसविली असेल, तर आताचे गोरे लोक परक्यांची जमीन घेत नव्हते; आपल्या पूर्वसूरींची गादी पुन्हा चालवीत होते! आणि ज्यांच्या पायाखालून जमीन काढून घ्यावयाची, त्या काळ्या माणसाने तेथे काही उभारलेलेच नाही असे ठरले, म्हणजे त्याचा हक्क तरी कसला उरणार?

१९०२ साली रिचर्ड हॉल या गृहस्थांची तेथे देखरेखीसाठी नेमणूक झाली. त्यांनी काय केले? आफ्रिकी लोकांच्या वस्तीची ‘घाण’ दूर करून खालची ‘खरी’ प्राचीन वास्तू उघडी करावयाची, असे म्हणून त्यांनी मातीचे थरच्या थर खणून बाहेर फेकले. काही ठिकाणी हे थर दहा फुटांहून अधिक जाडीचे होते. येथे एक गोष्ट समजून घ्या. माणसे एका जागी पिढ्यान् पिढ्या राहतात, तेव्हा चुलीची राख, फुटकी मडकी, हाडे, पडलेली कुडाची घरे यांचे थर साचत जातात. खालचा थर जुना, वरचा नवा. पुराणवस्तुशास्त्राची सारी वाचनकला या थरांवर उभी आहे. जो थर फेकला, तो इतिहासाच्या पोथीचे फाडलेले पान होय. ते पुन्हा जोडता येत नाही. पुरावा त्या ‘घाणी’तच होता, आणि तो नेमका त्याच समाजाचा होता, ज्याला पुसावयाचे होते. हॉल यांच्या या कामावर टीका होऊन त्यांना १९०४ साली काढून टाकण्यात आले; परंतु तोवर हानी होऊन गेली होती.

पुढील वर्षी, १९०५ साली, डेव्हिड रँडल-मॅकायव्हर हे शिकलेले पुराणवस्तुशास्त्रज्ञ तेथे आले. त्यांनी न हललेले थर तपासले आणि सांगितले की, ही वास्तू मध्ययुगीन असून आफ्रिकी लोकांचीच आहे. वसाहतीत मोठा गहजब झाला. म्हणून १९२९ साली ब्रिटिश असोसिएशनने गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या विदुषींना पाठविले. त्यांच्या तुकडीतील मुख्य सहकारीही स्त्रियाच होत्या. त्यांपैकी कॅथलीन केन्यन पुढे जगप्रसिद्ध झाल्या. केटन-थॉम्प्सन यांनी पूर्वीच्या खणणाऱ्यांचा हात न लागलेली जागा निवडली. तेथील जमिनीच्या खाली, म्हणजे बांधकामापूर्वी वा बांधकामाच्या वेळी, काय पडले होते ते त्यांनी थराथराने टिपले. ज्यांचा काळ इतर देशांतील शोधांवरून ठाऊक होता, असे बाहेरून आलेले मणी आणि भांडी त्यांना कालगणनेस उपयोगी पडली. त्यांचा निष्कर्ष तोच आला: काम स्थानिक, काळ मध्ययुगीन. पुढे किरणोत्सर्गी कार्बनाच्या मापनानेही या काळास दुजोरा मिळाला.

म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने वाद मिटला. परंतु सत्तेच्या दृष्टीने तो मिटला नाही. १९६५ साली इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने ऱ्होडेशियात एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. १९६९ साली त्या देशाच्या संसदेत एका सदस्याने तक्रार केली की, हे अवशेष आफ्रिकी लोकांचे आहेत अशी एकच बाजू लोकांपुढे मांडली जाते, हे योग्य नव्हे. या तक्रारीचे शब्द किती निष्पक्षपाती वाटतात, पाहा! दोन्ही बाजू मांडा, लोकांना ठरवू द्या, एवढेच तर मागणे! परंतु एका बाजूस थराथराने तपासलेला पुरावा आणि दुसऱ्या बाजूस पेन्सिलीचा वास, यांना एकाच तराजूत सारखे वजन द्यावयाचे, हा निष्पक्षपातीपणा नव्हे. हा असत्याला दिलेला आधार होय. पीटर गार्लेक हे त्या वेळी सरकारी स्मारकांचे निरीक्षक होते. सत्य दडविण्यास ते तयार नव्हते. १९७० साली त्यांना पद आणि देश, दोन्ही सोडावे लागले.

अखेर १८ एप्रिल १९८० रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्याने ऱ्होड्स यांचे नाव टाकले आणि दगडी घरांचे नाव घेतले. त्या अवशेषांत सापडलेला दगडी पक्षी त्याच्या ध्वजावर बसला. जगाच्या पाठीवर एखाद्या अवशेषाचे नाव देशाने धारण करावे, याचा अर्थ काय ते आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांना शंभर वर्षे सांगितले गेले की तुम्ही काही उभारले नाही, त्यांनी आपल्या नावाने उत्तर दिले.

हे उदाहरण एकटे नाही. उत्तर अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात मातीचे हजारो प्रचंड ढिगारे आहेत. कहोकिया येथील सर्वांत मोठा ढिगारा सुमारे ३० मीटर उंच आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी टोपल्यांनी माती वाहून ते रचले. परंतु गोऱ्या वसाहतवाल्यांनी ‘ढिगारे रचणारी लुप्त जात’ कल्पिली आणि आताच्या रानटी लोकांनी तिचा संहार केला असे ठरविले. १८३० साली मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हलविण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसपुढील आपल्या संदेशात या लुप्त जातीचा दाखला दिला. पूर्वी एक जात नाहीशी होऊन दुसरी आली, तसेच आता होत आहे, असा त्याचा आशय. १८९४ साली सायरस थॉमस यांनी मोठ्या पाहणीनंतर दाखवून दिले की, लुप्त जात कधी नव्हतीच; ढिगारे मूळ रहिवाशांच्याच पूर्वजांचे होते. निकाल बरोबर आला, पण चौसष्ट वर्षे उशिरा. जमिनी गेल्या त्या गेल्याच.

आता आपण माझ्या प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. या दूरच्या भिंतींशी आपला संबंध काय? संबंध असा की, ज्या समाजाला हक्क नाकारावयाचे असतात, त्याचे कर्तृत्व आधी नाकारले जाते. तुझ्या पूर्वजांना बुद्धी नव्हती, विद्या नव्हती, त्यांनी काही घडविले नाही, हे वाक्य ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे, त्यांना ग्रेट झिंबाब्वेची कथा परकी वाटणार नाही. आजचे परग्रहवाले लोक असा हेतू मनात धरून बोलतात, असे मी म्हणत नाही. त्यांतील पुष्कळांना केवळ नवल विकावयाचे असते. परंतु जुन्या साच्यात नवे द्रव्य ओतले तरी मूर्ती तीच निघते. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन यांचे पुस्तक निघाले आणि परग्रहावरील पाहुण्यांची कल्पना जगभर गेली. तेव्हापासून आजपर्यंत हे पाहुणे कोठे उतरल्याचे सांगतात, ते पाहा. मिसर, मेक्सिको, पेरू, हिंदुस्थान ही नावे पुन्हापुन्हा येतात. युरोपातील गॉथिक चर्चे परग्रहवाल्यांनी बांधली असे सहसा कोणी म्हणत नाही. तेथे गवंड्याच्या कौशल्यावर विश्वास ठेवला जातो. हा भेद ध्यानात ठेवा.

गवंड्यावर विश्वास ठेवावयास आधार लागतो, आणि तो मिळतोही. गिझाच्या पिरॅमिडांजवळ १९९० साली कामकऱ्यांची थडगी उजेडात आली. जवळच त्यांच्या वस्तीत भाकरी भाजण्याच्या भट्ट्या निघाल्या. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे पपायरसचे कागद सापडले. मेरेर नावाच्या एका मुकादमाची ती रोजनिशी आहे. आज तुरा येथील खाणीत दगड भरला, आज होडी गिझाकडे निघाली, अशा नोंदी त्यात आहेत. तो ज्या खुफू राजाच्या कामावर होता, त्याचाच तो मोठा पिरॅमिड. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका मुकादमाची हजेरीवही आपल्या हाती आहे. परग्रहावरून आलेल्यांची एक खिळाही नाही.

आता आपल्या घरी या. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडव वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत लेणी कोरली, अशा कथा महाराष्ट्रात अनेक डोंगरांविषयी सांगितल्या जातात. ही कथा कोण्या कपटी माणसाने बसून रचली, असे मानण्याचे कारण नाही. ती का जन्मली, हे समजण्यासारखे आहे. लेण्यांच्या भिंतींवर ज्यांची नावे होती, ती ब्राह्मी लिपी वाचणारे लोक कित्येक शतके उरले नव्हते. अक्षर मुके झाले, तेव्हा दंतकथा बोलू लागली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी अशोककालीन ब्राह्मी लिपी वाचली, आणि मग एकेक भिंत बोलती झाली.

त्या भिंतींनी काय सांगितले? नाशिकच्या एका लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तो सांगतो की, लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. आता पाटी-पेन्सिल घ्या आणि मुलांकडून हे गणित करवून घ्या. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा, म्हणजे दोनशे चाळीस. सुमारे एकोणीसशे वर्षांनंतरही हिशेब जुळतो! ज्या विणकरांच्या हाती राजाचा जावई निश्चिंतपणे रक्कम ठेवीत होता, त्या विणकरांची पत ही पांडवांच्या एका रात्रीहून मला अधिक अद्भुत वाटते.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. दार त्याने केले. धेनुकाकटच्याच सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दाराचे दान दिले, हेही तेथे कोरले आहे. खांबांवर यवनांची, म्हणजे परदेशातून येऊन येथे राहिलेल्या लोकांची, नावे आहेत. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे दिल्याची नोंद आहे. राजे आहेत, राण्या आहेत, भिक्षू व भिक्षुणी आहेत; परंतु त्यांच्या शेजारी सुतार, विणकर आणि धान्य व्यापारी यांचीही नावे दगडात आहेत. ‘पांडवांनी केले’ असे म्हणताना या सर्वांची नावे एका शब्दात पुसली जातात. ‘परग्रहवाल्यांनी केले’ असे म्हणताना ती दुसऱ्यांदा पुसली जातात.

वेरुळचे कैलास लेणे बौद्ध नाही. ते शिवाचे देवालय आहे. परंतु न्याय सर्वांस सारखा लावला पाहिजे. तेथेही परग्रहवाल्यांची गरज नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते कोरले गेले. त्यानंतर काही दशकांनी, इसवी सन ८१२ च्या सुमारास, दिलेल्या बडोद्याच्या ताम्रपटात कृष्णराजाच्या या देवालयाचा उल्लेख असून, ते पूर्ण झाल्यावर ते घडविणाऱ्या शिल्पकारालाच आपण हे कसे केले याचे आश्चर्य वाटले, असे म्हटले आहे. नवल तेव्हाच्या लोकांनाही वाटले होते. परंतु घडविणारा माणूस होता याविषयी त्यांना शंका नव्हती.

आणि कोरण्याची रीत पाहावयाची असेल तर अजिंठ्याच्या अपुऱ्या लेण्यांत जा. चोविसाव्या क्रमांकाचे लेणे अर्धे राहून गेले आहे. पुऱ्या झालेल्या लेण्यात गवंड्याची रीत गुळगुळीत भिंतीआड लपते. अपुऱ्या लेण्यात ती उघडी पडते. समांतर चर खणावयाचे, मधल्या भिंती राखावयाच्या, मग त्या फोडून पुढे सरकावयाचे, हा क्रम तेथे डोळ्यांनी दिसतो. छिन्नीचे घाव दगडावर तसेच आहेत. गूढ वाटणाऱ्या वास्तूचे उत्तर पुष्कळदा शेजारच्या अपुऱ्या वास्तूत असते.

येथे कोणी म्हणेल की, विद्वान तरी कोठे नेहमी बरोबर असतात? हे म्हणणे खरे आहे आणि ते टाळून चालणार नाही. थिओडोर बेंट यांना त्यांच्या काळात विद्वानच समजत होते. तुर्कस्तानातील ग्योबेक्ली तेपे येथे क्लाऊस श्मिट यांनी १९९५ पासून उत्खनन केले, आणि सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे, नक्षी कोरलेले उंच दगडी खांब बाहेर काढले. शेती स्थिरावल्याशिवाय माणूस अशी मोठी बांधकामे हाती घेत नाही, हा पूर्वीचा समज त्यामुळे डळमळीत झाला. तो समज बदलला कोणी? ज्यांनी थराथराने जमीन खणली त्यांनीच. त्याचप्रमाणे, शास्त्राबाहेरचा माणूस कधी बरोबर असूच शकत नाही, असेही नाही. मायकेल व्हेंट्रिस हे व्यवसायाने वास्तुविशारद होते. भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर सापडलेल्या मृत्पट्ट्यांवरील एक लिपी त्यांनी १९५२ साली उलगडली. ती ग्रीक भाषेचे जुने रूप लिहीत होती. त्यांच्यापाशी त्या विषयाची पदवी नव्हती. तरी जगाने त्यांचे मानले, कारण त्यांची रीत घेऊन दुसऱ्या कोणीही नव्याने सापडलेली पट्टी वाचावी आणि अर्थ लागतो की नाही ते पाहावे, अशी ती होती. त्यांना पदवी कोणी विचारली नाही; पुरावा विचारला.

२०२२ साली नेटफ्लिक्सवर ग्रॅहम हॅनकॉक यांची बुडालेल्या संस्कृतीवरील मालिका आली, तेव्हा अमेरिकेतील पुराणवस्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेने कंपनीला खुले पत्र लिहून तिला माहितीपट न म्हणता विज्ञानकथेत घालावे अशी मागणी केली. त्यावर विद्वान लोक नव्या विचाराची मुस्कटदाबी करतात, अशी ओरड झाली. परंतु व्हेंट्रिस यांची मुस्कटदाबी का झाली नाही, हे त्या ओरडणाऱ्यांनी सांगितले पाहिजे. मुस्कटदाबी कशास म्हणतात, हे पीटर गार्लेक यांस विचारावे. ज्यास कोट्यवधी प्रेक्षक मिळतात त्याची ती झाली, असे म्हणणे शोभत नाही.

म्हणून असा कोणताही दावा कानावर आला, तर घरातील लहानथोरांनी चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. पहिला, वस्तू कोणत्या थरात, कोणाच्या समक्ष सापडली? दुसरा, त्या जागी राहिलेल्या माणसांची चूल, हत्यारे, अपुरे काम यांचा विचार दावेदाराने केला आहे काय, की तो केवळ भव्य भागाचे चित्र दाखवितो? तिसरा, कोणता पुरावा मिळाला असता आपला दावा खोटा ठरेल, हे तो सांगू शकतो काय? जो दावा कोणत्याही पुराव्याने खोटा ठरत नाही, तो खराही ठरत नाही. आणि चौथा प्रश्न, हे मान्य केले तर कोणाचे नाव लागते आणि कोणाचे पुसले जाते? या चौथ्या प्रश्नाने दावा खोटा ठरत नाही. परंतु पहिले तीन अधिक काटेकोरपणे विचारावेत, असा इशारा मिळतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. हे चार प्रश्न आपण आपल्या आवडत्या दाव्यांनाही विचारले पाहिजेत. एखाद्या टेकाडावर विटा दिसल्या की तो स्तूप, एखादी झिजलेली बसलेली मूर्ती दिसली की ती बुद्धमूर्ती, एखाद्या देवळाखाली हमखास विहार, असे बोलणे आपल्यातही ऐकू येते. यांतील काही गोष्टी खऱ्या निघतील. पण खरी निघेपर्यंत ती शक्यता आहे, सिद्धांत नव्हे. कार्ल्याचा सुतार सामी हा आपला रक्ताचा पूर्वज होता, असेही मी म्हणणार नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही. त्याच्याशी आपले नाते वंशाचे सांगण्याची गरजही नाही. आपल्या हाताच्या कामाखाली आपले नाव लिहिण्याचा मान त्याला मिळाला होता, आणि तो मान प्रत्येक माणसाचा हक्क आहे असे आपण मानतो, एवढे नाते पुरेसे आहे. खोट्या पुराव्यावर उभारलेला अभिमान पहिल्याच उत्खननात ढासळतो, आणि ढासळताना खऱ्या गोष्टींनाही घेऊन पडतो. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला, त्याचे मर्म स्वतः पारखून पाहण्यात आहे. ती पारख दुसऱ्याच्या ग्रंथांपुरती आणि दुसऱ्याच्या परंपरेपुरती राखून ठेवता येणार नाही.

माझी आपणांस विनंती आहे की, मुलांना घेऊन लेण्यांत जा. तेथे केवळ सहल म्हणून जाऊ नका. लेख कोठे आहे ते शोधा. त्याचे वाचन आधी पुस्तकातून उतरवून न्या आणि दगडावरील अक्षरांशी ताडून पाहा. ब्राह्मी लिपीची मुळाक्षरे शिकण्यास फार दिवस लागत नाहीत. दहा-बारा वर्षांचे मूल ती सहज शिकते. भिंतीवर खडूने किंवा खिळ्याने आपले नाव लिहू नका आणि कोणी लिहीत असेल तर त्यास थांबवा. एका ओरखड्याने एखादे अक्षर कायमचे जाते. आपल्या गावात विहीर किंवा पाया खणताना जुनी भांडी, नाणी वा कोरीव दगड निघाले, तर ते उचलून घरी आणू नका, की त्यावर शेंदूर वा फुले वाहू नका. जागा तशीच ठेवा आणि पुरातत्त्व खात्यास अगर तहसीलदारास कळवा. जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते, हे हॉल यांनी फेकलेल्या थरांनी जगाला शिकविले आहे.

आणि मुलाने विचारले की, हे एवढे मोठे काम माणसांनी केले काय, तर त्याला सांगा: होय, माणसांनीच केले. पुष्कळ माणसांनी, पुष्कळ वर्षे, हातात छिन्नी घेऊन केले. त्यांतील काहींची नावे आपणांस वाचता येतात. चल, ती वाचू.